एकच गोष्ट खोटी, बाकी सगळं खरं: हसवणारं सररिअल फोटो-कोलाज हाताने कसं करायचं

ग्रेटे स्टर्नचं एक कोलाज आहे, १९४९ च्या आसपासचं. टेबलावरचा दिवा, वर शेड, आणि दांड्याच्या जागी एक बाई अंग आवळून बसलेली. बाजूने एका पुरुषाचा भलामोठा हात बटणाकडे येतोय. नाव दिलंय 'घरासाठी विजेची उपकरणं'. सररिअल, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं अशक्य, फोटो-कोलाजमधला विनोद कसा काम करतो हे शिकायला माझ्या मते याच्याइतकं चांगलं चित्र दुसरं नाही, कारण त्यात खोटी गोष्ट फक्त एकच आहे. आपण आधी दिवा बघतो, मग त्यातली बाई दिसते, मग तो हात कुठे चाललाय ते कळतं आणि सगळ्यात शेवटी ते दुकानाच्या पाटीसारखं सरळसोट नाव वाचलं की एकदम हसू येतं आणि त्याच क्षणी काळजात चर्र होतं.

स्टर्न मूळची जर्मन, १९०४ सालचा जन्म, १९३५ मध्ये अर्जेंटिनाला गेली. ब्यूनोस आयर्सच्या 'इदिलिओ' नावाच्या बायकांच्या साप्ताहिकात एक सदर होतं, वाचक बायका आपली स्वप्नं लिहून पाठवायच्या आणि समाजशास्त्रज्ञ जिनो जेर्मानी टोपणनावाने त्यांचा अर्थ सांगायचा. त्या स्वप्नांसाठी स्टर्नने १९४८ ते १९५१ या काळात जवळपास दीडशे फोटोमोंटाज (फोटो कापून जोडून केलेली चित्रं) केले. दर आठवड्याची डेडलाइन असायची, म्हणजे तिला प्रेरणा येईपर्यंत थांबून चालणारं नव्हतं, पद्धत लागत होती. ती पद्धत आपल्याला घरी बसून वापरता येते आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आता सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सररिअल म्हणजे काहीही कशालाही चिकटवा असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून मग आकाशात मासा, शेजारी वितळलेलं घड्याळ, मुलीच्या डोक्याच्या जागी फुलं, मागे तीन चंद्र, कोपऱ्यात अंतराळवीर असं सगळं एकाच कागदावर येतं. बघणारा म्हणतो छान आहे, आणि पुढे जातो. हसत कुणीच नाही, कारण जिथे सगळंच विचित्र आहे तिथे विचित्र असं काही उरतच नाही. हसू यायला एक नीट, ओळखीचं, कंटाळवाणं वाटेल इतकं खरं जग लागतं आणि त्यात एकच गोष्ट चुकीच्या जागी लागते. पुढच्या सगळ्या स्टेप्स या एका नियमासाठीच आहेत.

आधी वाक्य, मग कात्री

कोलाजची आयडिया फोटो चाळता चाळता सुचते तशी वाक्यातूनही सुचते, आणि विनोद हवा असेल तर वाक्याचा रस्ता जास्त खात्रीचा. जॉन हार्टफील्ड या जर्मन कलाकाराचं १९३५ सालचं प्रसिद्ध फोटोमोंटाज बघा. हिटलरचा मंत्री गोअरिंग याने भाषणात म्हटलं होतं की लोखंडाने देश बळकट होतो, लोणी आणि चरबीने लोक फार तर लठ्ठ होतात. हार्टफील्डने ते वाक्य अक्षरशः खरं धरलं. एक कुटुंब जेवायला बसलंय आणि सगळे लोखंड खातायत, सायकलचे भाग, साखळ्या, बाळ कुऱ्हाड चघळतंय, खाली कुत्रा मोठा नट चाटतोय. मागे भिंतीवर हिटलरचा फोटो आणि वॉलपेपरवर स्वस्तिकांची नक्षी. यात शिकण्यासारखं हे आहे की खोटं एकच (या घरात लोखंड खातात) पण ते एकदा ठरल्यावर घरातल्या प्रत्येकाला लागू केलंय, तान्ह्या बाळाला आणि कुत्र्यालासुद्धा. हे फार महत्त्वाचं आहे. खोटं एक ठेवा आणि मग त्याचे परिणाम अगदी प्रामाणिकपणे दाखवा.

आपल्याकडे वाक्प्रचारांची खाणच आहे. नाकाने कांदे सोलणे, डोळ्यात तेल घालून बसणे, जिवाचे कान करणे, केसाने गळा कापणे, हातावर तुरी देणे. रोज बोलताना यातलं चित्र आपल्याला दिसत नाही आणि कोलाजमध्ये ते दिसायला लागतं. पुढच्या स्टेप्ससाठी मी 'डोक्यावर मिरे वाटणे' घेतोय, म्हणजे सगळं एकाच उदाहरणावर समजेल. ऑफिसच्या टेबलाशी एक साहेब फाईल वाचतायत आणि त्यांच्या डोक्यावर पाटा-वरवंटा मांडून एक बाई निवांत मिरे वाटतेय. बस, एवढंच. मागे साधी भिंत, एखादं कॅलेंडर.

स्केच काढा, कितीही वाकडं आलं तरी चालेल

स्टर्न आधी स्केच करायची, त्यात रचना आणि कुठले फोटो लागतील ते ठरवायची आणि मग लागतील ते फोटो स्वतः काढायची किंवा आपल्या आधीच्या संग्रहातून घ्यायची. घरची माणसं आणि मैत्रिणी तिच्या मॉडेल असायच्या. हे तुम्हीही करा, कारण रद्दीत जे सापडेल त्यावर आयडिया अवलंबून राहिली की तुमचं चित्र रद्दी ठरवते.

स्केचमध्ये तीन गोष्टी लिहून ठेवायच्या. उजेड कुठून येतोय (बाणाने दाखवा), कॅमेरा किती उंचीवर आहे, आणि कुठली वस्तू कुठे टेकणार आहे. नवीन माणसाचं कोलाज बघून काहीतरी खटकतंय असं वाटतं पण काय ते सांगता येत नाही, तेव्हा दहापैकी नऊ वेळा गडबड कॅमेऱ्याच्या उंचीची असते.

आपल्या उदाहरणात हे फार छान कळतं. साहेबांचा फोटो तुम्ही समोरून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढणार, म्हणजे डोक्याचा वरचा सपाट भाग दिसणारच नाही, फक्त केसांची कड दिसेल. पण पाट्यावर वाटणाऱ्या बाईचा फोटो आपण सगळे उभं राहून काढतो, वरून खाली, त्यात पाट्याचा वरचा पृष्ठभाग पूर्ण दिसतो. हे दोन फोटो एकत्र आणले की पाटा डोक्यावर बसतच नाही, समोरच्या बाजूला घसरतोय असं वाटतं, कितीही सुबक कापा. उपाय सोपा आहे. आत्याला किंवा आईला पाट्याशी बसवा आणि फोन उलटा करून जमिनीवर टेकवा, म्हणजे लेन्स अगदी जमिनीलगत येते, आणि दोन-तीन मीटर लांबून थोडं झूम करून फोटो घ्या, जवळून घेतला तर वरवंटा आणि हात उगाच मोठे येतात. आता पाट्याची फक्त पुढची कड दिसेल आणि तीच केसांच्या कडेवर बरोबर बसेल. दोन्ही फोटोंना खिडकी एकाच बाजूला ठेवा. ट्यूबलाइट बंद करा, कारण छतावरचा उजेड दोन्हीकडे वेगवेगळी सावली पाडतो आणि नंतर ती लपवता येत नाही.

चेहरा गंभीर पाहिजे

यात तडजोड करू नका. कोलाजमधला माणूस स्वतः हसत असेल, डोळे मोठे करून आश्चर्य दाखवत असेल, तर बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. साहेबांना काहीच माहीत नाही, किंवा माहीत आहे पण सवय झालीये, असा चेहरा पाहिजे. साहेब म्हणून घरातल्या मामांना बसवलं असेल तर फोटो काढताना त्यांना आयडिया सांगूच नका, हातात खरी फाईल द्या, त्यातला आकड्यांचा कागद खरोखर वाचायला लावा आणि ते वाचत असताना फोटो घ्या. आत्याचंही तसंच, खरे मिरे द्या, खरंच वाटू द्या, खांद्याला आणि मनगटाला जो जोर लागतो तो नाटकात येत नाही.

मॅक्स अर्न्स्ट या सररिअलिस्ट चित्रकाराने १९३३ मध्ये इटलीत तीन आठवड्यांत १८० हून जास्त कोलाज केले, पुढच्या वर्षी ते पाच पुस्तिकांमध्ये पॅरिसमध्ये छापून आले. एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र कादंबऱ्या आणि कॅटलॉगमधली लाकडी ठशांची चित्रं कापून बनवलेले. त्यात दिवाणखान्यात पक्ष्याच्या डोक्याची माणसं वावरतात, आणि कमाल ही की अंगावर कोट नीट, उभं राहण्याची पद्धत सभ्य, आजूबाजूचा पडदा-खुर्ची सगळं जागेवर. डोकं बदललं तरी शरीर आपलं रोजचं वागणं सोडत नाही. ते सोडलं असतं तर ती नुसती भुतांची चित्रं झाली असती.

रद्दीतून काम करायचं असेल तर

सगळ्यांना फोटो काढायचे नसतात आणि सापडलेल्या कागदाची मजा वेगळीच असते, ते मी नाकारत नाही. हाना होख या जर्मन कलाकार बाईचं काम त्यासाठी बघा. ती बर्लिनच्या उलश्टाइन प्रकाशनात भरतकाम-विणकामाचे नमुने बनवायच्या नोकरीत होती. १९१९ मध्ये त्यांच्याच साप्ताहिकात जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष एबर्ट आणि संरक्षणमंत्री नोस्के यांचा पोहायच्या चड्डीतला, पोटं सुटलेला फोटो छापून आला आणि देशभर खळबळ झाली. होखने ते दोघे कापले आणि भरतकामाच्या नमुन्यावर, फुलं आणि फुलपाखरांच्या मध्ये उभे केले, नाव ठेवलं 'राष्ट्रप्रमुख'. तिने त्या दोघांच्या चेहऱ्यात काहीही बदल केला नाही, फक्त खालची जमीन बदलली. नोकरीत रोज हाताखाली येणारा कागद आणि पेपरात सगळ्यांनी बघितलेला फोटो, दोनच गोष्टी.

तुमच्याकडे असे कागद कुठले आहेत ते शोधा. जुने दिवाळी अंक (त्यातल्या जाहिराती विशेषतः), शाळेची विज्ञानाची पुस्तकं, लग्नपत्रिका, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, शिवणकामाचे पेपर पॅटर्न, बियाण्यांची कॅटलॉग. रद्दीवाल्याकडे किलोने मिळतात. फक्त मूळ कागद कापू नका, आधी झेरॉक्स किंवा स्कॅन करून घ्या, एक तर जुना अंक वाचतो आणि दुसरं म्हणजे वर्तमानपत्राचा कागद उजेडात पिवळा पडतो, त्यामुळे वर्षभराने तुमच्या कोलाजमधला तेवढाच तुकडा वेगळा दिसायला लागतो. घरच्या अल्बमच्या बाबतीत तर मूळ फोटोला कात्री लावायचीच नाही.

आणि कुणाला हसायचं याचा विचार इथेच करा. होख आणि हार्टफील्ड सत्तेतल्या माणसांना हसले, स्टर्न दिवा झालेल्या बाईच्या बाजूने उभी आहे, हसू बटणाकडे येणाऱ्या हाताला आहे. शेजारच्या बाईंचा फोटो न विचारता उचलून त्यांच्या डोक्यावर काहीतरी बसवणं यात ना कला आहे ना हिंमत. आपल्या साहेबांसाठी मामांना बसवलंय ते त्यासाठीच, आणि काम पूर्ण झालं की त्यांना दाखवून, हो म्हणाले तरच बाहेर दाखवायचं.

प्रिंट आणि कापणं

सगळे तुकडे ब्लॅक अँड व्हाइट करा आणि एकाच मशीनवर, एकाच कागदावर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा. वेगवेगळ्या मासिकांचे तुकडे घेतले की एक चकचकीत, एक मळकट, एकाचे छपाईचे ठिपके मोठे, एकाचे बारीक, आणि जोड लगेच ओरडून दिसतो. अर्न्स्टच्या कोलाजमध्ये जोड सापडत नाहीत याचं मोठं कारण हेच की सगळे तुकडे एकाच प्रकारच्या रेघांचे होते. लेझर सांगतोय कारण त्याची टोनर शाई गोंदाच्या ओलाव्याने पसरत नाही, घरच्या इंकजेटची पसरते.

पार्श्वभूमी आणि साहेब ए-फोर कागदावर एकत्रच काढा, साहेबांचं डोकं साधारण ७ सेंटिमीटर रुंद येईल असं. वाटणारी बाई ५, ६ आणि ७ सेंटिमीटर उंचीची, अशा तीन साइजमध्ये काढून घ्या, कारण कुठली बरोबर ते स्क्रीनवर कळत नाही, कागदावर ठेवल्यावरच कळतं. खूप छोटी केली तर ती बाहुली वाटते आणि खूप मोठी केली तर साहेबांची मान मोडेल अशी काळजी वाटायला लागते. मधली कुठली तरी असते जिच्यात वजन जाणवतं पण दुखत नाही.

कापायला सर्जिकल ब्लेड, ११ नंबर, हँडलसकट. खाली कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा. आधी सगळीकडून अर्धा सेंटिमीटर सोडून कात्रीने ढोबळ कापा. मग आतली भोकं आधी कापा (हात आणि अंगाच्या मधली जागा, पदराखालची फट), बाहेरची कड नंतर, कारण बाहेरून आधी कापलं की तुकडा लवलवीत होतो आणि आत कापताना फाटतो. वळणावर ब्लेड स्थिर ठेवून कागद फिरवायचा. ब्लेड किंचित तिरकं धरा म्हणजे कागदाची जाडी तुकड्याच्या खाली लपते. एवढं करूनही कडेला पांढरी रेघ राहते, आणि कोलाज कच्चं दिसण्यात त्या पांढऱ्या रेघेचा वाटा सगळ्यात जास्त असतो, म्हणून तुकडा उलटा करून कडेवरून मऊ पेन्सिल, ४बी किंवा ६बी, हलकेच फिरवा. केस एकेक कापायच्या भानगडीत पडू नका, केस ज्या दिशेला जातात त्या दिशेने छोटी छोटी टोकं काढा, डोळा बाकीचं भरून घेतो.

टेकण्याची जागा

विनोद इथे जगतो किंवा मरतो. पाटा डोक्यावर नुसता वरून चिकटवला तर तो डोक्याच्या पुढे तरंगतो. तो केसांत बसला पाहिजे. त्यासाठी साहेबांच्या केसांच्या वरच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर खाली, पाट्याच्या लांबीएवढी एक खाच मारा, पण सरळ रेघेत नाही, केसांच्या बटांच्या वळणाने वेडीवाकडी. आता पाट्याची खालची कड त्या खाचेत आत सरकवा. समोर दोन-चार बटा पाट्याच्या पुढे येतात आणि एकदम, अक्षरशः एका सेकंदात, पाट्याला वजन येतं. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा काय आनंद होतो ते करूनच बघा.

मग सावली. पाटा केसांना जिथे टेकतो तिथे सगळ्यात गडद, आणि खाली जाताना लगेच फिकी होत गेलेली. मऊ पेन्सिलने करा, कापसाने पुसा. खिडकी डावीकडे असेल तर कपाळाच्या उजव्या बाजूला पाट्याची अगदी हलकी सावली पडू द्या, जास्त नको.

आणि परिणाम विसरू नका. दोन-तीन मिरे साहेबांच्या खांद्यावर आणि एक फाईलवर. ही नवी गंमत नाहीये, आधीच्याच खोट्याचा पुरावा आहे, म्हणून ती चालते. साहेबांच्या कपात मासा टाकला तर चालणार नाही, ते दुसरं खोटं झालं.

चिकटवण्याआधी थांबा

सगळं नुसतं ठेवून फोनने फोटो काढा. तो आडवा उलटा करून बघा, म्हणजे उजवी बाजू डावीकडे, तोल बिघडला असेल तर लगेच दिसतो. एकेक वस्तू काढून बघा, काढल्यावर काही फरक पडत नसेल तर ती नकोच. मग कुणालातरी काहीही न सांगता दाखवा आणि त्याचे डोळे बघा. आधी साहेबांच्या चेहऱ्याकडे आणि मग वर गेले तर बरोबर. आधीच वर गेले तर बाई फार गडद किंवा फार मोठी झालीये, कारण नेहमीचं जग आधी दिसलं पाहिजे, उशीर थोडा झाला तरच धक्का बसतो.

चिकटवायला लहान तुकड्यांना ग्लू स्टिक पुरते. फेव्हिकॉल वापरायचा तर फार पातळ करू नका, पाण्याने कागद फुगतो आणि वाळताना सुरकुत्या पडतात. तुकडा रद्दीवर उलटा ठेवून मधून कडेकडे गोंद लावा, बसवा, वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. खालचा कागद आधीच जाड कार्डशीटवर चिकटवलेला असू दे, पण खाच मारायची जागा मोकळी सोडून, नाहीतर पाटा आत जाणार नाही.

शेवटची छपाई

स्टर्न आणि हार्टफील्ड दोघांसाठी चिकटवलेला कागद हा शेवट नव्हता, त्याचा पुन्हा फोटो निघायचा आणि मग छपाई. पुन्हा फोटो काढला की सगळे तुकडे एकाच कागदाचे होतात. फ्लॅट स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो त्यामुळे तुकड्यांच्या कडांची सावली पडते, म्हणून मी फोटोच्या बाजूचा आहे. कोलाज भिंतीला सपाट लावा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे दिवे, कॅमेरा बरोबर समोर. मग कॉम्प्युटरवर सगळ्यावर मिळून थोडा ग्रेन (जुन्या फिल्मसारखा बारीक दाणा) टाका, काळा रंग सगळीकडे सारखा आहे ना ते बघा आणि मॅट कागदावर प्रिंट काढा. पहिल्यापासून फोटोशॉप किंवा फोनवरच्या ॲपमध्ये केलंत तरी चालतं, फक्त कॅमेऱ्याची उंची, उजेड, खाच आणि टेकण्याची सावली यातलं काही सुटत नाही, मास्किंगने (स्क्रीनवर नको तो भाग झाकून) कड कितीही छान आली तरी.

राहिलं नाव. चित्राखाली 'डोक्यावर मिरे वाटणे' लिहू नका, वाक्प्रचार ओळखायचं काम बघणाऱ्याचं आहे, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. स्टर्नसारखं सपाट, कारकुनी नाव ठेवा. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' चालेल. 'कार्यालयीन वेळ: १० ते ५' त्याहून बरं.

उरलेले तुकडे फेकू नका. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने उजेडाचा बाण काढा, कॅमेरा वर होता की खाली तेही लिहा, आणि डावा उजेड एका पाकिटात, उजवा दुसऱ्यात असे ठेवा, विषयाप्रमाणे लावले तर पुढच्या वेळी न जुळणारेच तुकडे हाताला लागतात.